दाराची वरची कडी

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात आमच्या टेबलावर बहुतेक डॉक्टरच असायचे. माझी पाळी आली की मी सांगायचे, "मी कौन्सिलमध्ये इन्स्पेक्टर आहे." पुढचा प्रश्न ठरलेला असे, "म्हणजे रेस्टॉरंटं तपासता?" मी म्हणायचे, "नाही, माणसं ठेवलेली घरं तपासते." मग टेबलावर जरा शांतता पसरायची आणि कोणीतरी श्रीखंडाचा विषय काढायचं.

निवृत्त झाल्यावर आता नीट सांगते. एकटं राहता येत नाही अशी माणसं, म्हणजे थकलेली म्हातारी किंवा जन्मापासून बुद्धीनं मागे राहिलेली, इंग्लंडमध्ये बऱ्याचदा खासगी घरांत राहायची. कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, त्यांचा खर्च द्यायची आणि घरमालक त्यांना सांभाळायचे. ऐंशीच्या दशकात कायदा आला की अशा घरांना रजिस्ट्रेशन लागेल. ते द्यायचं की नाही आणि दिल्यावर टिकवायचं की काढून घ्यायचं, हे बघायचं आमचं काम. वर्षातून एकदा सांगून जायचं आणि एकदा न सांगता. जिन्याला कठडा आहे का, नळाचं पाणी पोळण्याइतकं गरम नाही ना, औषधं कुलपात आहेत का. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे घर चालवणारा माणूस 'फिट पर्सन' आहे का. कायद्यातला शब्दच तो. फिट म्हणजे काय, हे कायद्यानं सांगितलं नव्हतं.

पहिल्याच महिन्यात मी एका घरी गेले होते. दारावर गुलाबाचा वेल, आत मेणाच्या पॉलिशचा वास. वरच्या बाथरूममध्ये पुडिंगच्या मोठ्या वाडग्यात कवळ्यांचा ढीग भिजत पडला होता.

"या कोणाच्या?" मी विचारलं.

"सगळ्यांच्या, डिअर," मालकीणबाई म्हणाल्या. "सकाळी ज्याला जी बसेल ती."

आवाजात ओशाळेपणा नव्हता, उलट अभिमानच होता. वाडग्यात जंतुनाशक गोळी टाकली होती ना! खाली नाश्त्याच्या टेबलावर एक आजोबा मला गुड मॉर्निंग म्हणायला गेले आणि वरची अख्खी कवळी त्यांच्या पॉरिजमध्ये पडली. मी बाहेर येऊन गाडीत बसले. त्या रात्री मी जेवले नाही. श्रीकांत, माझा नवरा, वृद्धांचा डॉक्टर आहे. त्या काळी आपल्या बऱ्याच डॉक्टरांना तेच खातं मिळायचं, कारण गोऱ्यांना ते नको असायचं. तो एवढंच म्हणाला, "वसू, ही तर आत्ता कुठे सुरुवात आहे."

दुसऱ्या एका घरात परवानगीपेक्षा जास्त आज्ज्या ठेवलेल्या असायच्या. मी जाणार त्या दिवशी मालकिणीचा नवरा जादाच्या आज्ज्यांना मिनीबसमध्ये बसवून मी परत निघेपर्यंत रिंगरोडवर फिरवत राहायचा. एकदा माझी गाडी सुरू होईना म्हणून मी फुटपाथवरच उभी होते. तेवढ्यात मिनीबस आली. पहिली आजी उतरली, मला बघून गोड हसली आणि तिनं विचारलं, "गेली का ती बया?"

हे किस्से सांगितले की लोक हसतात. ज्याच्यावर कोणी हसत नाही तो किस्सा पुढचा आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कायदा बदलला आणि अगदी लहान घरंही आमच्याकडे आली. साध्या कुटुंबात एखाद-दुसराच माणूस ठेवलेला असायचा, जवळजवळ दत्तक घेतल्यासारखा. खेड्यापाड्यांत उंच भिंतींची मोठाली हॉस्पिटलं होती आणि मंदबुद्धी म्हणून लहानपणीच तिथं टाकलेली माणसं तिथंच म्हातारी व्हायची. ती हॉस्पिटलं बंद होऊ लागली तेव्हा काही लोकांनी त्यांतल्या माणसांना घरी आणलं. मिसेस हॉपकिन्स त्यांतल्या एक. उपनगराचं नाव सांगत नाही. हाउन्सलोसारखंच होतं, विमानतळाच्या वाटेवरचं. विमान डोक्यावर आलं की बोलणारी माणसं वाक्य अर्धवट सोडायची आणि ते गेल्यावर पुढे चालू करायची, अशी तिथली पद्धत.

आयव्ही हॉपकिन्स बसड्रायव्हरची विधवा, सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी. तिच्याकडे टेरी राहायचा, चाळिशीतला, उंच, भल्या मोठ्या हातांचा. आमच्या खात्यातली जुनी बाई निवृत्त झाली आणि हे घर माझ्याकडे आलं.

पहिल्यांदा मी कळवून गेले. दार टेरीनं उघडलं. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. मिसेस हॉपकिन्स खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, ब्लाउजला ब्रोच. टेरीनं चहा आणला.

"टेरीची तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"मस्टन्ट ग्रम्बल," त्या म्हणाल्या. म्हणजे तक्रार करू नये, चाललंय. इंग्लंडच्या म्हाताऱ्यांचं हे ठेवणीतलं उत्तर.

"डे सेंटरला जातो का?"

"मस्टन्ट ग्रम्बल, लव्ह."

कौन्सिलच्या बाईसमोर लाजत असतील, असं मला वाटलं. स्वयंपाकघरात गेले तर गॅसच्या शेगडीला एकही बटण नव्हतं, नुसत्या उघड्या दांड्या.

"तुटली," टेरी म्हणाला आणि त्याचा हात कार्डिगनच्या खिशावर गेला. निघताना पाहिलं, पुढच्या दाराला आतून अगदी वरच्या टोकाला नवी कोरी पितळी कडी बसवली होती.

आमच्या धंद्यात या खुणा ओळखीच्या. बाई या माणसाला गॅसला हात लावू देत नाही आणि घराबाहेरही पडू देत नाही. चेहरा सोज्वळ आणि आत तुरुंग, अशी घरं मी पाहिली होती. आता न सांगता जायचं, असं मी ठरवलं.

त्याच्या आधीच फोन आला. शेजारच्या मिसेस गिल. पंजाबी, विधवा. विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्यात त्यांचा जन्म गेलेला, मुलं कॅनडाला.

"बहनजी, शेजारी कोणीतरी आतून दार ठोठावतं. 'लेट मी आउट' म्हणून ओरडतं. मग रडतं."

"पुरुष की बाई?"

"वरून विमानं, मध्ये भिंत. काय कळणार?"

दुसऱ्याच दुपारी मी गेले. फाटकातच ठोठावण्याचा आवाज ऐकू आला. मी घंटा वाजवली आणि ठोठावणं थांबलं. गुडघ्यांवर बसून मी टपालाच्या फटीतून आत पाहिलं. अनवाणी पाय. नाइटगाउनची ओली किनार. एक पातळ, थरथरता बाईचा आवाज म्हणाला, "मला आईकडे जायचंय. तो माणूस मला जाऊ देत नाही."

मिसेस हॉपकिन्स!

तेवढ्यात फटीतून दोन बोटं बाहेर आली आणि त्यांनी माझी बोटं घट्ट धरली. थंडगार होती. मी तशीच गुडघ्यांवर बसून राहिले.

पाठीमागे पावलं वाजली. टेरी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येत होता. मला बघितलं आणि एक पिशवी त्याच्या हातातून सुटली. दुधाची बाटली फुटून दूध फरशीवर पसरलं.

"ती बरी आहे," तो म्हणाला. "शी इज ऑल राइट. ती बरी आहे."

त्यानं मला बाजूच्या बोळातून मागच्या दाराशी नेलं आणि किल्लीनं दार उघडलं. दुकानात जाताना तो हे दार कुलूप लावून जायचा. पुढच्या दाराची कडी त्यानंच वर बसवली होती, तिचा हात पोचू नये म्हणून. एवढ्या उंच माणसाला ती कडी अडवणार नाही, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

आत गेल्यावर तो आधी तिच्याकडे गेला. "आयव्ही, तुझी आई उद्या येणार आहे. आज चहा घेऊ या." ती लगेच शांत झाली. त्यानं तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळून खुर्चीत बसवलं आणि गुडघे टेकून तिचे पाय पुसले. बाथटबमध्ये चादरी भिजत घातलेल्या दिसत होत्या. मग त्यानं खिशातून गॅसची बटणं काढली, एक दांडीवर बसवलं, पाणी उकळलं आणि बटण काढून पुन्हा खिशात टाकलं.

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हे बघत होते. ज्या बाईला मी 'सांभाळणारी' म्हणून तपासायला आले होते तिला स्वतःचं नाव धड आठवत नव्हतं. आणि ज्याला चोवीस तास कोणीतरी लागतं असं आम्ही मानत होतो, तो माणूस एकट्यानं हे घर चालवत होता.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"ख्रिसमसपासून." त्यानं विचार केला. "हा नाही. त्याच्या आधीचा."

"कोणाला सांगितलं का नाहीस?"

एक विमान आलं आणि गेलं.

"मी आलो ना, तेव्हा मी गादी ओली करायचो. रोज. पडदा पेटवला एकदा. कौन्सिलची बाई यायची. आयव्हीला विचारायची, कसा आहे टेरी? आयव्ही म्हणायची, मस्टन्ट ग्रम्बल." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तिनं सांगितलं असतं तर मला परत पाठवलं असतं. तिनं माझं नाही सांगितलं. मी तिचं नाही सांगणार."

"टेरी, मला सांगावं लागेल."

त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की आजही तो कानात आहे. आणि त्या आवाजासरशी बाहेरच्या खोलीतून काठीचा ठकठकाट आला. मिसेस हॉपकिन्स दारात उभ्या होत्या, ब्लँकेट खांद्यावरून घसरलेलं, काठी माझ्यावर उगारलेली.

"हा कुठेही जाणार नाही!" त्या कडाडल्या. "हॉस्पिटलला सांगा जाऊन, हा माझ्याकडे राहतो." त्या येऊन माझ्या आणि टेरीच्या मध्ये उभ्या राहिल्या. तो त्यांच्यापेक्षा हातभर उंच, आणि त्या त्याला पाठीशी घालत होत्या.

ऑफिसात माझा साहेब होता कॉलिन. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. माझं सगळं ऐकून तो म्हणाला, "शी इज नॉट अ फिट पर्सन. रजिस्ट्रेशन आजच रद्द. त्याला दुसरीकडे हलवायचं, तिला हॉस्पिटलला."

"कॉलिन, तिच्यावाचून तो आणि त्याच्यावाचून ती..."

"उद्या गॅसचा स्फोट झाला तर?"

रात्री श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, "तिला त्या घरातून काढलं तर ती जेवण सोडेल. अशा बायका माझ्या वॉर्डात रोज येतात, वसू. कुठलंही औषध त्यांची भूक परत आणत नाही." पलीकडे आमची मीरा अभ्यास करत होती. ती म्हणाली, "पण आई, तो काही चुकीची केलीच नाही ना? मग शिक्षा का?" तिच्या व्याकरणाला मी नेहमी हटकायचे. त्या रात्री हटकलं नाही.

मी कॉलिनशी भांडले. शेवटी तो कबूल झाला की सगळ्या अधिकाऱ्यांची मोठी बैठक होईपर्यंत दोघांना तिथंच ठेवायचं. सकाळ-संध्याकाळ मदतनीस बाई जाईल, नर्स येत राहील, मिसेस गिल लक्ष ठेवतील. आणि ते जमलं! मी गेले की टेरी मला मिसेस हॉपकिन्सचं वजन सांगायचा. त्यांचे केस तो रोज स्वतः विंचरायचा. नर्स म्हणाली, "अंगावर कुठे एक व्रण नाही. वॉर्डातसुद्धा आम्हाला हे जमत नाही."

मग पुण्याहून फोन आला. वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला होता. मी निघाले. कॉलिन म्हणाला, "तू जा. मी बघतो."

वडील गेले. दिवस झाले, मागचं आवरलं आणि मी परत आले. पहिल्याच दिवशी त्या गल्लीत गेले. खिडक्यांना पडदे नव्हते. मिसेस गिल ओढणीनं डोळे पुसत बाहेर आल्या.

"एका सकाळी दोन गाड्या आल्या, बहनजी. एकीत तिला घातलं, एकीत त्याला. त्यानं फाटकाचा खांब धरून ठेवला होता. त्याची बोटं एकेक करून सोडवली."

झालं होतं असं. मदतनीस बाईकडून एकदा मागचं दार उघडं राहिलं. मिसेस हॉपकिन्स सपाता घालून हमरस्त्यावर सापडल्या. खरचटलंही नव्हतं. पण कॉलिन घाबरला आणि बैठकीची वाट न बघता दोघांना हलवून मोकळा झाला. टेरीला मुळात केंब्रिजच्या पलीकडच्या हॉस्पिटलमधून आणलं होतं, म्हणून त्याची जबाबदारी त्या भागावर ढकलली. मिसेस हॉपकिन्स वॉर्डात गेल्या. तिथं त्यांनी तोंड मिटलं ते उघडलंच नाही. मी पुण्यात असतानाच त्या गेल्या.

"काय करायला हवं होतं मी?" कॉलिन म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "बसखाली आली असती तर?"

पुढच्याच शनिवारी मी केंब्रिजची ट्रेन पकडली आणि तिथून बसनं त्या गावात गेले. टेरीचं नवं घर माझ्या नजरेनं बघितलं तर एक नंबर होतं. रुंद दारं, जिन्याला कठडे, स्वयंपाकघराला वेगळं कुलूप. टेरी दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसला होता. सुजल्यासारखा दिसत होता, आणि गळ्याचं बटण उघडं. तिथल्या तरुण मॅनेजरनं मला विचारलं, "चहा घेणार?"

मी सहज म्हणाले, "टेरी करेल की."

ती हसली. "टेरीला किटल हाताळता येत नाही. त्याच्या असेसमेंटमध्ये तसं आहे."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "त्याला कोणी विचारलं का?"

"तो बोलत नाही," ती म्हणाली. खरंच आश्चर्य वाटल्यासारखी म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी टेरीच्या शेजारी जाऊन बसले. त्यानं मला ओळखलं. मान न वळवता हळूच विचारलं, "आयव्ही जेवते का?"

मी मॅनेजरकडे पाहिलं. ती लाल झाली. "आम्हाला वाटलं, तुम्ही लोकांनी कळवलं असेल..."

कोणीच कळवलं नव्हतं. आयव्हीला पुरलं होतं, घर रिकामं केलं होतं आणि हा माणूस इथं बसून ती जेवते की नाही याची काळजी करत होता. मग मीच सांगितलं. शक्य तेवढ्या साध्या शब्दांत. तो रडला नाही. टीव्हीवर घोड्यांची शर्यत चालू होती. ती संपेपर्यंत तो बघत राहिला.

"केस कोण विंचरत होतं?"

"नर्स."

"भांग कुठे पाडत होती?"

मला माहीत नव्हतं. त्यानं आपला मोठा हात उचलून स्वतःच्या विरळ केसांत डावीकडे बोट ओढून दाखवलं. "इथं," तो म्हणाला. "इथं पाडायचा."

संध्याकाळच्या ट्रेननं मी परतले. पिनरला आमच्या घरी न जाता मी सरळ मिसेस गिलच्या दाराशी गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "फोन मी केला होता."

"तुम्ही बरोबरच केलंत."

"बरोबर केलं म्हणूनच झोप येत नाही. चुकीचं केलं असतं तर माफी मागितली असती." मग पदर खोचावा तशी त्यांनी ओढणी कमरेला बांधली. "माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. तुम्ही त्या आयव्हीला रजिस्ट्रेशन दिलं होतं ना, ते मला द्या."

द्यायला बरेच महिने लागले. दोन कौन्सिलींची पत्रं, डॉक्टरांचे दाखले. कोणीतरी विचारलंच, इंग्रज माणूस पंजाबी घरात रमेल का? त्या बैठकीत कॉलिन माझ्या बाजूनं उभा राहिला. "वी ओ हिम. आपण त्याचं देणं लागतो," एवढंच म्हणाला आणि सही केली. त्याबद्दल मी त्याचं कायम देणं लागते.

टेरी आला त्या दिवशी मी हजर होते. तो आधी बाहेर उभा राहून शेजारचं घर बघत होता. तिथं आता नवे लोक आले होते, फाटकाला वेगळा रंग दिला होता. मग तो आत आला. मिसेस गिलनी त्याला काही न बोलता स्वयंपाकघर दाखवलं आणि स्वतः बाजूला झाल्या. त्यानं किटल शोधली, कपाटं उघडून साखर शोधली. मिसेस गिलचा चहा दुधात उकळलेला असतो, त्याला ते पटलं नाही. त्यानं आपल्या पद्धतीनं केला.

आम्ही तिघं टेबलाशी बसलो. मिसेस गिलना ब्लडप्रेशरचा त्रास होता. त्या मोडक्या इंग्रजीत त्याला समजावू लागल्या, "टेरी, ऐक. मी पडले, मला काही झालं, मला काही आठवेनासं झालं, तर घाबरायचं नाही. लगेच सांगायचं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला सांगायचं. ही आपली आहे."

टेरीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नीट, वेळ घेऊन पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "हिला नाही सांगायचं."

मिसेस गिल ओशाळून काहीतरी बोलू लागल्या. मी त्यांना हातानं थांबवलं. टेरीनं दुधाचा जग उचलला, माझ्या कपात दूध घातलं आणि कप माझ्यापुढे सरकवला.